जळगावच्या जुन्या पेठांतली रात्र : कुठे, केव्हा, काय खावं

मेहरूणकर

जळगावात रात्री खायला कुठे जायचं असं कुणी पाहुण्याने विचारलं की आपण सरळ रिंगरोड सांगतो, नाहीतर हायवेवरचे ढाबे. दोन्हीकडे चांगलं मिळतं, वाद नाही. पण टॉवर चौकापासून रथ चौकापर्यंतच्या दाटीत, नवी पेठ, बळीराम पेठ, पोलन पेठ, दाणा बाजार, सराफ बाजार, जोशी पेठ, शनिपेठ या भागात रात्री जे शिजतं त्याबद्दल कुणी लिहीतच नाही. "तिथे गाडी लावायला जागा नाही" एवढं बोलून विषय संपतो. माझं बालपण जोशी पेठेत गेलं, आता कॉलनीत राहतो, आणि तरी जेवायला पावलं तिकडेच वळतात. म्हणून हा धागा काढतोय. आपापल्या माहितीची भर घाला.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती समजली की बाकीचं आपोआप लागतं. पेठेतल्या रात्रीचं वेळापत्रक दोन गोष्टींनी ठरवलंय : ऊन आणि काम. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग खरेदी, गाठीभेटी, पोरांना फिरवणं सगळं दिवेलागणीनंतर. आणि काम म्हणाल तर दाणा बाजारातले हमाल आणि मापाडी, कापड दुकानांतली पोरं, सराफ बाजारातले कारागीर, स्टेशनवरचे रिक्षावाले, एमआयडीसीत डाळमिल, चटई आणि पाइपच्या कारखान्यांत पाळी करणारे लोक, या प्रत्येकाला वेगळ्या वेळी भूक लागते. ज्या वेळी ज्याची भूक, त्या वेळी त्याच्या कामाच्या जागेजवळ चूल पेटलेली असते. हॉटेलचं नाव विचारत बसण्यापेक्षा ही घड्याळं पाठ करा.

सात ते नऊ फुले मार्केट आणि सुभाष चौक. ही खरेदीची गर्दी, त्यामुळे लोटगाड्यांवर उभ्याने खायच्या वस्तू : मुगाची भजी, कचोरी, पाणीपुरी, गरम केळी वेफर्स. वेफर्सचं सांगायलाच हवं. पिशवीत बंद केलेले वेफर्स कुठेही मिळतात, पण इथे कच्ची केळी किसणीवरून थेट कढईतल्या तेलात पडताना बघायला मिळतात. झाऱ्याने काढले की मीठ-मिरी टाकून कागदात. ते हात भाजत खायचे, घरी नेईपर्यंत थांबायचं नाही.

नऊ वाजता शटर खाली यायला लागतात आणि पेठेतलं खरं जेवण सुरू होतं. दाणा बाजाराच्या आजूबाजूच्या बारक्या खाणावळी, चार-पाच टेबलं, भिंतीवर देवाचा फोटो आणि दरपत्रक. इथे गिऱ्हाईक दिवसभर गोण्या उचललेला माणूस असतो, त्यामुळे पोळी मोठी, रस्सा भरपूर आणि कांदा-लिंबू मागायला लागत नाही. शेवभाजी इथे खावी. रस्सा काळा असतो तो कांदा आणि सुकं खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजल्यामुळे. रंगासाठी वेगळं काही घालायचं कामच नाही. लसूण सढळ. शेव जाड आणि तिखट. आणि मुख्य म्हणजे शेव ताटात वाढायच्या क्षणी रस्स्यात पडली पाहिजे. आधीच टाकून ठेवली की तिचा लगदा होतो आणि रस्सा पिठूळ लागतो. माझी पारख सोपी आहे : पहिल्या घासाला शेव दाताखाली लागली पाहिजे आणि शेवटच्या घासाला ती रस्सा प्यायलेली असली पाहिजे. पार्सल नेणार असाल तर "शेव वेगळी बांधा" असं स्पष्ट सांगा.

सराफ बाजारात त्याहून उशीर. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते पेढ्यांमुळे, पण पेढीच्या मागे, जिन्यावरच्या खोल्यांत दागिना घडवणारे कारागीर बसतात. त्यांत बंगालकडची मंडळी पुष्कळ आहेत. लग्नसराईत त्यांचे दिवे मध्यरात्रीपर्यंत जळतात. त्यांच्या जिवावर आम्लेट-पाव, उकडलेली अंडी आणि चहा यांच्या गाड्या चालतात. या गाड्यांवरचं आम्लेट आपल्याकडचा हिरव्या मिरचीचा ठेचा घालून करतात, तव्यावर ठेचा आधी परतून. खोकला येतो, पण चव तिथेच आहे.

अकरानंतर कढईतलं दूध, रबडी, कुल्फी, पान. बारानंतर पेठ झोपते आणि स्टेशन व नवं बसस्थानक जागं राहतं. पहाटे पाचला पुन्हा पोह्यांचे टोप लागतात.

हे माझ्याकडचं. पुढे तुम्ही लिहा.

बोरीकाठची

मेहरूणकर दादा, फार छान लिहिलंत. मी मूळची अमळनेरची, नोकरीमुळे जळगावात असते. एक प्रश्न थेट विचारते. तुम्ही सांगितलेल्या नऊनंतरच्या खाणावळींत बायका दिसतात का? मी आणि माझी मैत्रीण एकदा अशा ठिकाणी गेलो. कुणी वाईट वागलं नाही, पण सगळी टेबलं पुरुषांची, आणि मालकाने "ताई, पार्सल देऊ का?" असं तीनदा विचारलं. म्हणजे बसू नका असंच ते. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात रात्री उशिरापर्यंत बायका-पोरी निर्धास्त फिरतात, भेळ-कुल्फी खातात. मग शहरात नऊनंतर आम्ही फक्त पार्सल का न्यायचं?

मला रिंगरोडचं एसी हॉटेल नकोय. मला पेठेतली शेवभाजी तिथे बसून, गरम खायची आहे.

मेहरूणकर

ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. पेठेत दोन प्रकारच्या जागा आहेत. एक, ज्या हमाल-कामगारांच्याच आहेत. तिथे बायका क्वचित. दुसऱ्या, ज्या खरेदीच्या गर्दीवर चालतात. तिथे साडेनऊपर्यंत घरंच्या घरं बसलेली असतात. सुभाष चौकाकडून भवानी मंदिराच्या बाजूने चालत गेलात तर अशा जागा लागतील. सराफ बाजारात लग्नाचा बस्ता आणि दागिने घेऊन दमलेल्या बायकाच जास्त असतात, त्यांना भूक लागते म्हणून ती हॉटेलं चालतात. लग्नसराईत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, तिथे रात्री दहालाही वर्दळ असते.

ज्या पाटीवर परमिट रूम लिहिलंय तिथे "फॅमिली सेक्शन" म्हटलं असलं तरी जिना तोच असतो. ते टाळलेलं बरं.

शनिपेठी

ताईंच्या प्रश्नाला माझंही एक उत्तर आहे : रमजानमध्ये या. शनिपेठ, भिलपुरा, काट्याफाईल या भागात त्या महिन्यात रात्रीची तरावीहची नमाज झाली की रस्ता भरायला लागतो आणि सहरीपर्यंत, म्हणजे रोजा धरण्याआधीच्या पहाटेच्या खाण्यापर्यंत, कुणी झोपत नाही. त्यात निम्म्याहून जास्त बायका असतात, कारण ईदची कापडं, बांगड्या, शेवया यांची खरेदी रात्रीच होते. माझी आई, बहिणी, शेजारच्या वहिनी, सगळ्या रात्री एक वाजता बाजारात. त्या गर्दीत कुणाही बाईला परकं वाटत नाही, मग ती कुठल्याही घरातली असो.

खायला : सीख कबाब कोळशावर, खिचडा, फालुदा, आणि मावा जिलेबी. ही जिलेबी मूळ बुऱ्हाणपूरची. खवा घातलेली, रंगाने काळपट, जाड आणि मऊ. आपल्या कुरकुरीत जिलेबीसारखी ती तुटत नाही, तिला चावावं लागतं. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात गेलं असलं तरी मोगलांच्या काळात खान्देश सुभ्याची राजधानी तिथेच होती. आमच्या घरांचे सोयरसंबंध अजून तिकडे आहेत, पाहुणा आला की डबा येतो. एक जिलेबी दोघांनी वाटून खावी, इतकी ती भरते.

आणि मेहरूणकर भाऊ, रथाचं कसं काय लिहिलं नाही? पेठेतली सगळ्यात मोठी रात्र तीच आहे ना.

मेहरूणकर

शनिपेठी, रथाचं तुम्हीच लिहा. तुमच्या दारावरून जातो.

शनिपेठी

लिहितो. कार्तिकी एकादशीला श्रीराम मंदिराचा रथ निघतो. १८७२ पासूनची परंपरा. त्याआधी कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी देवाची वाहनं मिरवणुकीने निघतात, म्हणजे दिवाळी संपते न संपते तोच पेठेचा दुसरा सण सुरू. रथाला ब्रेक नाही. चाकाखाली लाकडी मोगरी घालून तो थांबवायचा आणि वळवायचा. अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी असताना मोगरी घालणारा जे करतो ते बघण्यासारखं आहे. रथ भिलपुऱ्यात आला की लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तिथे फुलांची चादर चढवली जाते. आमचे बुजुर्ग त्या वेळी तिथे उभे असतात. हे कुणी शिकवलेलं नाही, आम्ही लहानपणापासून असंच बघत आलो.

रथ मंदिरात परत येईपर्यंत रात्र झालेली असते. त्या दिवशी उपास असतो, त्यामुळे गाड्यांवर साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा, उकडलेली रताळी. आणि आमच्या बाजूला सरबत. शेवभाजी शोधू नका, मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी या.

गल्ली नंबर चार

धुळेकर बोलतोय. जळगावचं कौतुक वाचलं, आवडलं. पण शहराच्या आतल्या भागात रात्री चालत फिरायचं म्हटलं तर धुळ्याइतकं सोपं शहर खान्देशात नाही, हे मी मनापासून सांगतो.

कारण आमचं शहर आखून वसवलंय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खान्देश इंग्रजांकडे गेला, पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज. त्याने मुख्य ठाणं धुळ्यात आणलं आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ सरळ रेषांत आखली. आमच्या गल्ल्यांना म्हणून नावांऐवजी नंबर आहेत. मुंबई-आग्र्याचा जुना रस्ता गावातूनच जायचा, तोच आज आग्रा रोड, बाजाराचा रस्ता. त्याला समांतर गल्ल्या. त्यामुळे नवखा माणूस चुकतच नाही. जळगावच्या जुन्या गावात मी दर वेळी कुठल्या तरी वाड्याच्या मागच्या दारात निघतो.

संध्याकाळी आग्रा रोड, पाचकंदीलपर्यंत. तिथे भाजी-फळांच्या गाड्यांमध्येच खाण्याच्या गाड्या. मग जेवायला गल्लीत शिरायचं. धुळ्याची खासियत मी मटण म्हणेन. काळ्या मसाल्याचा पातळ रस्सा, वर तेलाचा तवंग, सोबत बाजरीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर. मटणाच्या खाणावळी बोर्डाशिवायही चालतात, एका खोलीत, घरची बाई भाकरी थापते आणि नवरा वाढतो. भाकरी संपली की खाणावळ बंद. रात्री साडेनऊनंतर जाऊन "मटण आहे का" विचारू नका. रस्सा असेल, फोडी नसतील.

पूर्वी ट्रक गावातून जायचे तेव्हा आग्रा रोड रात्रभर जागा असे, असं माझे आजोबा सांगत. आता सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा दोन्ही महामार्गांची रहदारी बाहेरून वळते, ढाबे तिकडे गेले. पण एसटी स्टँड अजून जागं आहे. नाशिक, सुरत, इंदूर, संभाजीनगर कुठूनही रात्रीची गाडी येते आणि दहा मिनिटं थांबते. स्टँडबाहेरचा चहा रात्री तीनला मिळतो.

पोलन पेठवासी

मी या चर्चेत थोडी वेगळी बाजू मांडतो. माझं घर पेठेतच आहे. खाली दुकान, वर आम्ही. तुम्ही सगळे येता, खाता, कौतुक करता, आणि निघून जाता. आमच्या ओट्यावर द्रोण, कागदी प्लेटा, चहाचे कप पडलेले असतात. सकाळी माझी आई झाडते, वय बहात्तर. गटारीत रस्सा ओततात, उन्हाळ्यात त्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत येतो. रात्री साडेअकराला मोटारसायकलवाले गल्लीत हॉर्न देतात. दहावी-बारावीच्या मुलांनी अभ्यास कुठे करायचा?

पेठेतली जुनी कुटुंबं एकेक करून कॉलन्यांत चालली आहेत. घर बंद झालं की वाडा पडतो आणि तिथे गोदाम होतं. गोदामाच्या गल्लीत रात्री दिवा नसतो. तुम्हाला हव्या असलेल्या त्या जुन्या गल्ल्या राहत्या माणसांमुळे उजेडात आहेत, हे लक्षात घ्या. मला गाड्या बंद व्हायला नकोत. आमच्या गल्लीतल्या भजीवाल्याचे वडील माझ्या वडिलांचे मित्र होते. पण रात्र सगळ्यांची आहे.

मेहरूणकर

आप्पा, तुमचा शब्दन् शब्द पटला, आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत. मीही पेठ सोडून कॉलनीत गेलेल्यांपैकीच, त्यामुळे मला हे जास्त लागलं. यापुढे इथे कुणी पेठेत जायचा बेत मांडला तर एवढं पाळूच : गाडी बाहेर लावून चालत जायचं, कुणाच्या ओट्यावर न विचारता बसायचं नाही, प्लेट गाडीवाल्याच्या डब्यातच, आणि अकरानंतर राहत्या गल्लीत उभं राहून गप्पा नाहीत. गप्पा मारायच्या असतील तर स्टेशनकडे जावं, तिथे कुणाची झोपमोड होत नाही.

डब्याची गोष्ट गाडीवाल्यांशीही बोलण्यासारखी आहे. दोन-तीन गाड्यांनी मिळून एक मोठा डबा ठेवला तर खर्च फार नाही.

तात्या वकील

आवाज आणि वेळ यावर गैरसमज फार आहेत, म्हणून कायद्याचं थोडक्यात लिहितो.

एक. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं आणि हॉटेलं आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली. दारू देणाऱ्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत, त्यांची वेळ वेगळी ठरते. म्हणजे साध्या खाणावळीने साडेदहाला बंद केलंच पाहिजे असं या कायद्यात नाही. दोन. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे-स्पीकर बंद. पेठवासींची तक्रार या नियमात बसते. तीन. गाडीवाल्यांसाठी पथविक्रेता कायदा २०१४ चा. पाहणी करून प्रमाणपत्र द्यायचं, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचेही प्रतिनिधी घ्यायचे, असं त्यात आहे. ज्या गाडीवाल्याकडे कागद आहे तो रात्री निर्धास्त उभा राहतो आणि स्वच्छताही राखतो, कारण उद्या त्याला त्याच जागी उभं राहायचं असतं. ज्याला रोज हुसकावतात तो डबा कशाला ठेवेल? ओळखीच्या गाडीवाल्याला प्रमाणपत्र काढायला मदत करा. अर्ज भरून देणं हीसुद्धा मोठी मदत असते.

रनिंग स्टाफ

भुसावळहून. आमच्या गावाची रात्र आम्हीच चालवतो असं म्हटलं तरी चालेल. रेल्वेच्या माणसाला बारा वाजता कॉल येतो, तीनला गाडी घेऊन निघायचं असतं, नाहीतर दोनला गाडीवरून उतरायचं असतं. घरी स्वयंपाक झाकून ठेवलेला असला तरी गार. म्हणून स्टेशनबाहेर रात्रभर अंडाभुर्जी, पाव, चहा, आणि पहाटे चारपासून पोहे.

पोह्यांबद्दल एक सांगतो. पहिल्या टोपाचे पोहे खाऊ नयेत असं आमच्यात म्हणतात, हात बसलेला नसतो. साडेचारचा दुसरा टोप बघा : कांदा बरोबर शिजलेला, शेंगदाणे तळलेले, वर तिखट शेव आणि लिंबू. डबल ड्यूटी करून आलेल्या माणसाला ती प्लेट काय देते ते शब्दांत सांगता येत नाही.

रमजानमध्ये जाम मोहल्ला आणि खडका रोडकडे या. बुऱ्हाणपूर आमच्याकडून जवळच, त्यामुळे मावा जिलेबी ताजी मिळते.

कळण्याची भाकर

एवढं बोलणं झालं आणि भरताचं नाव नाही! थंडीत जळगावात यायचं आणि भरीत न खाता जायचं हे आम्हा लेवा मंडळींना पटणार नाही.

भरिताचं वांगं वेगळं. मोठं, फिकट हिरवं, पांढऱ्या रेषांचं, बी अगदी कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. बामणोदचं वांगं प्रसिद्ध. वांगं भाजायचं ते कपाशीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याची साल जळते आणि आत कच्चं राहतं. काड्यांचा जाळ मोठा पण हलका, वांगं सगळीकडून सारखं शिजतं आणि धुराचा वास आत जातो. मग सालं काढून लाकडी बडगीत ठेचायचं. मिक्सर लावला की चिकट होतं, रेषा मोडतात. फोडणीत हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि कांद्याची पात भरपूर. तेल मोकळ्या हाताने. सोबत कळण्याची भाकर, ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळलेल्या पिठाची. पाहुण्यांना पुरी.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जळगावात भरीत सेंटरं लागतात, किलोवर मिळतं. दुपारी भट्टी पेटते, संध्याकाळी सात ते साडेआठ सगळ्यात ताजं. त्यानंतर जे उरतं ते गार झालेलं असतं, आणि गार भरीत पुन्हा गरम करू नये. विकत घ्यायच्या आधी बाहेरच्या काड्यांचा ढीग बघा. ढीग नसेल तर पुढे चला.

वरण-बट्टी मात्र हॉटेलात मागू नका. बट्टी आधी उकडून, मग कापून तळायची, वर तुपाची धार आणि घोटलेली वांग्याची भाजी. ती पंगतीतच चांगली लागते, मोठ्या पातेल्यातली. कुणाच्या घरचं बोलावणं आलं तर सोडू नका.

पुण्यातला पाचोरेकर

मंडळी, मी डिसेंबरमध्ये येतोय, सोबत बायको आणि दोन सहकारी. सहकारी विदर्भातले, तिखट खातात. एकच संध्याकाळ आहे आणि पहाटेची गाडी. पेठेतच खायचं ठरलंय. क्रम सांगाल का? एक सहकारी मांसाहारी आहे, बाकी शाकाहारी.

मेहरूणकर

डिसेंबर म्हणजे सगळ्यात चांगला महिना. असं करा.

सहाला गाडी नेहरू चौकाच्या अलीकडे लावा किंवा रिक्षाने टॉवर चौकात उतरा. फुले मार्केटच्या बाजूने सुभाष चौकाकडे चालत जा. वाटेत गरम वेफर्स आणि मुगाची भजी, पण एकेकच प्लेट चौघांत. भूक मारू नका. सातला भरीत. कळण्याच्या भाकरीसोबत तिथेच बसून खा, वहिनींना बसायला सोय असलेली सेंटरं आहेत. मग सराफ बाजारातून रथ चौकापर्यंत फिरा. जुन्या वाड्यांची लाकडी कामं वर मान करून बघा, दुकानांच्या पाट्यांवर नजर थांबली तर ती दिसत नाहीत.

नऊला शेवभाजी. भरीत आणि शेवभाजी एकाच रात्री जड होईल असं कुणी म्हणेल, पण मध्ये दीड-दोन तासांचं चालणं आहे. विदर्भातल्या पाहुण्यांना सांगून ठेवा की आपला रस्सा सावजीपेक्षा वेगळा : लसूण आणि भाजलेलं खोबरं पुढे, लवंग-मिरी मागे. मांसाहारी सहकाऱ्याला शेवभाजीच खाऊ द्या. मटणासाठी त्याला धुळ्याला वेगळं पाठवा, आमचे गल्ली नंबर चार घेऊन जातील.

साडेदहाला कढईतलं दूध. कढईजवळ उभं राहा आणि साय मागून घ्या. अकराच्या आत पेठेतून बाहेर.

गल्ली नंबर चार

नेतो ना भो. धुळ्यात उतरल्यावर इथेच निरोप टाका, सात वाजता पाचकंदीलला भेटू. आधी कळवलं तर खाणावळीत फोडी राखून ठेवायला सांगतो.

बोरीकाठची

पाचोरेकर, वहिनी येणार असतील आणि त्यांची हरकत नसेल तर मी आणि माझी मैत्रीण पण तुमच्यासोबत शेवभाजीला येऊ. दाणा बाजारातल्या खाणावळीतच जाऊ या. एका टेबलावर तीन बायका बसलेल्या मालकाने एकदा बघितल्या की पुढच्या वेळी तो पार्सलचं विचारणार नाही. आणि दोन-चार वेळा असं झालं की इतर बायकांनाही आत यायला संकोच राहणार नाही.

पुण्यातला पाचोरेकर

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नक्की या. सव्वाआठला सुभाष चौकात भेटू, मग एकत्र जाऊ.

पोलन पेठवासी

डिसेंबरात येणार असाल तर मलाही कळवा. घराचा ओटा झाडलेला असेल, दूध तिथेच बसून प्या. आईला पाहुणे आवडतात. कढईवाला आमच्या समोरच आहे, पेले घरातले देतो, म्हणजे कागदी कप नकोत.

मेहरूणकर

आप्पा, येतोच. सगळ्यांसाठी एक : थंडी संपेपर्यंत भरीत सेंटरांच्या वेळा आणि कुठे काड्यांवर भाजतात ते इथेच लिहीत राहा. उन्हाळ्यातल्या कुल्फी आणि आमरसाच्या जागांसाठी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी वेगळा धागा काढू. खापरावरचे मांडे रात्री ताजे कुठे मिळतात हे कुणाला माहीत असेल तर आताच सांगून ठेवा. करणाऱ्या बायका मोजक्या उरल्या आहेत आणि त्यांना आधी सांगावं लागतं.